मे महिन्यातलं व्हीबीएस आणि आपलं चर्च : पालक दरवर्षी विचारतात ते सगळे प्रश्न

एप्रिल लागला की संडे स्कूलच्या (म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच ते प्रश्न यायला लागतात, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखतात, म्हणून या वेळी सगळं एकाच ठिकाणी लिहून टाकतेय. मी नगरच्या एका मराठी चर्चमध्ये संडे स्कूल बघते (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच), त्यामुळे लिहिलंय ते आमच्याकडचं आहे. पण पुणे, सोलापूर, जालना, कुठल्याही मराठी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) थोड्याफार फरकाने असंच चालतं.

व्हीबीएस म्हणजे नक्की काय?

व्हेकेशन बायबल स्कूल. जुनी माणसं सुट्टीतली बायबल शाळा म्हणतात, पोरं नुसतं व्हीबीएस म्हणतात. सोमवार ते शनिवार रोज सकाळी मुलं चर्चमध्ये येतात, गाणी, बायबलमधली गोष्ट, वचन पाठांतर, क्राफ्ट, खेळ, खाऊ, आणि रविवारी उपासनेतच समारोप. काही चर्चमध्ये दहा दिवस असतं, आमच्याकडे एक आठवडा, कारण दहा दिवस शिकवणारे लोक मिळत नाहीत. शाळा हा शब्द आहे म्हणून घाबरू नका, परीक्षा नाही, मार्क नाहीत, होमवर्क नाही. आणि समर कॅम्प म्हणूनही बघू नका, म्हणजे स्विमिंग, रोबोटिक्स, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट असलं काही इथे मिळणार नाही, ते हवं असेल तर शहरात दहा ठिकाणं आहेत.

तारखा इतक्या उशिरा का सांगता? आम्हाला गाडीचं रिझर्व्हेशन करायचं असतं.

माहितीये. पण मे महिना म्हणजे लग्नाचा सीझन, आणि चर्चही एकच, हॉलही एकच. ज्या आठवड्यात एकही लग्न नाही असा आठवडा शोधायचा म्हणजे पास्टरेट कमिटीच्या सेक्रेटरींकडे जाऊन बुकिंगची वही उघडायची आणि मग कुणाची तरी हळद मधे येतेच. त्यात पालकसाहेबांची (म्हणजे आमच्या पास्टरांची) दुसऱ्या गावची मीटिंग, ट्रेनिंगला गेलेले टीचर कधी परत येणार ते, आणि टँकरचं बघावं लागतं ते वेगळंच. साधारण शाळांचे रिझल्ट लागल्यानंतरचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरून चाला. मेच्या शेवटी आम्ही मुद्दाम ठेवत नाही, कारण तोपर्यंत अर्धी मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात आणि उरलेल्यांच्या आया वह्या-पुस्तकांच्या खरेदीला लागलेल्या असतात, शाळा जूनच्या मध्याला सुरू होते ना.

वेळ इतकी सकाळची का? पोरं सुट्टीत उठत नाहीत.

साडेसात ते अकरा. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो, अकरानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्यांनाही बसवत नाही. खेळ आधी, म्हणजे साडेआठच्या आत उरकतो, गोष्ट आणि क्राफ्ट नंतर पंख्याखाली. उठत नाहीत म्हणता पण दुसऱ्या दिवसापासून बघा, सहाला उठून तुम्हालाच उठवतील.

किती वर्षांच्या मुलांना घेता?

चार ते पंधरा. बिगिनर, प्रायमरी, ज्युनिअर, इंटर असे गट असतात, वयाप्रमाणे, शाळेतल्या इयत्तेप्रमाणे नाही, त्यामुळे "माझी पहिलीत आहे पण तिला वाचता येतं, तिला मोठ्यांत बसवा" असं कृपया सांगू नका. चारच्या खालचं मूल असेल आणि आई किंवा आजी सोबत बसणार असेल तर चालेल. लहानं पहिल्या दिवशी रडतात, भोकाड पसरतात, ते होणारच. तुम्ही खिडकीतून डोकावत राहिलात तर जास्त रडतात. गेटबाहेर जाऊन चहा घ्या, पंधरा मिनिटांत गप्प होतं.

फी किती?

फी नाही. पुस्तिकेचे आणि क्राफ्टच्या सामानाचे मिळून थोडे पैसे घेतो, ते फॉर्मवर लिहिलेले असतात, आणि ज्यांना जमत नाही त्यांनी नुसतं मला किंवा पालकीणबाईंना (पास्टरांच्या पत्नीला) हळूच सांगायचं, वहीत कुणाच्या नावापुढे काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. दोन-तीन भावंडं असतील तर एकाचेच द्या.

आम्ही ख्रिस्ती नाही. शेजारची मुलं जातात म्हणून आमची हट्ट करतात. पाठवलं तर चालेल का?

चालेल, दरवर्षी येतात. पण आधी स्पष्ट सांगते, कारण नंतर गैरसमज नको. इथे गोष्टी बायबलमधल्या असतात, प्रार्थना येशूच्या नावाने होते, गाणी ख्रिस्ती असतात. हे लपवून "संस्कार वर्ग आहे हो, सगळ्यांसाठीच आहे" असं गुळमुळीत सांगून मुलं गोळा करणं मला अजिबात पटत नाही. म्हणून ख्रिस्ती नसलेल्या घरातल्या मुलांसाठी आम्ही आई किंवा वडिलांची सही असलेला फॉर्म घेतोच, शेजारच्या काकूंची सही चालत नाही. काय शिकवणार ती पुस्तिका आधी हातात देतो, घरी नेऊन वाचा, नाही पटलं तर नका पाठवू, कुणी राग धरणार नाही.

तुमच्या मुलाला कुणी धर्म बदल म्हणणार नाही, बाप्तिस्मा वगैरे काही नसतं, कपाळावरचं गंध पुसायला कुणी सांगणार नाही. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे नसतील तर शांत बसलं तरी पुरे. एखाद्या मुलाने आमच्या देवाचं असं, तुमच्या देवाचं तसं सुरू केलं तर टीचरने तिथल्या तिथे थांबवायचं, हा नियम ख्रिस्ती मुलांनाच जास्त वेळा सांगावा लागतो. आणि एखाद्या दिवशी येऊन मागे बसा की, दार उघडंच असतं. एक आजी नातवाला सोडायला यायच्या त्या दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर बसून पूर्ण गोष्ट ऐकायच्या, आणि योसेफाला भावांनी विकलं तिथे "अगं बाई, सख्खे भाऊ ना!" असं एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की सगळी पोरं वळून बघायला लागली.

आम्ही कॅथलिक आहोत / दुसऱ्या मंडळीचे आहोत.

या. इथे कोण कुठल्या चर्चचं हे पोरांना माहितीही नसतं. फक्त तुमच्या पॅरिशमध्ये फर्स्ट कम्युनियनचे क्लास त्याच वेळी असतील तर ते आधी, फादरांना विचारून घ्या.

एका दिवसात नेमकं काय काय होतं?

सव्वासातलाच ढोलकीवाला दादा येऊन बसतो आणि वाजवायला लागतो, तीच घंटा. आधी सगळे एकत्र, कृतिगीतं, म्हणजे हातवारे करत म्हणायची गाणी. यात लाजणारी मुलं मागे उभी राहतात आणि तिसऱ्या दिवशी पुढे येतात, हे दरवर्षी ठरलेलं. मग मैदानात खेळ, मग हातपाय धुवून आपापल्या गटात.

गोष्ट सांगायची पद्धत टीचरवर असते. फ्लॅनेलचा बोर्ड आणि त्यावर चिकटवायची चित्रं, हे जुनं सामान आमच्याकडे अजून आहे आणि प्रोजेक्टर असूनही लहान गटाला तेच लागतं, कारण चित्र आपल्या हाताने चिकटवायला मिळतं. जक्कयाची गोष्ट असली की चर्चच्या आवारातल्या झाडाखाली जातो. बायबलात हा बुटका माणूस येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला होता, आमच्याकडे कडुलिंब आहे, चालतंय. बुटक्या मुलाला शिडीवर चढवायचं, बाकीच्यांनी गर्दी करायची, आणि मग येशू झालेला मुलगा वर बघून त्याला नावाने हाक मारतो, खाली ये, आज तुझ्याच घरी जेवायचंय. शिडी दोन दादांनी धरलेली असते, काळजी नसावी. मेंढपाळाचा धडा असला तर नगरकडच्या पोरांना काही समजवावंच लागत नाही, धनगरांची मेंढरं रस्त्याने जाताना सगळ्यांनी पाहिलेली असतात. उलट तीच सांगतात की मेंढरू हरवलं तर कुत्रं शोधतं, टीचर, माणूस नाही.

क्राफ्ट म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या लग्नपत्रिका, लोकर, फेविकॉल. टीव्हीचं मोठं खोकं कुणाकडे असेल तर फेकू नका, नोहाचं तारू करायला दरवर्षी लागतं. गेल्या वेळी तारवात प्राणी जोडीजोडीने भरायचे होते तर एका मुलाने दोन बिबटे केले आणि बाकीच्या प्राण्यांपासून त्यांना वेगळी खोली पुठ्ठ्याने करून दिली. आमच्या जिल्ह्यात उसात बिबट्या निघाल्याची बातमी सारखी असते, पोरांच्या डोक्यात तेच.

वचन पाठ नाही झालं तर मुलाला ओरडतात का? बक्षिसांचं काय?

ओरडत नाहीत. रोज एक वचन असतं, छोटं, संदर्भासकट, म्हणजे पुस्तक, अध्याय, ओवी. घरी एकदा म्हणून घेतलंत तर बरं, नाही घेतलंत तरी इथे गाऊन-गाऊन होतंच.

बक्षिसांवर माझं आणि काही जुन्या टीचरांचं जमत नाही, ते इथे लिहूनच टाकते. पूर्वी सगळी वचनं पाठ म्हणणाऱ्याला पहिला नंबर, ट्रॉफी, टाळ्या. मग काय व्हायचं, ज्यांच्या घरी रोज प्रार्थना होते, आई संध्याकाळी बसवून घेते, तीच मुलं दरवर्षी स्टेजवर. जे पोरगं एकटं चालत येतं, ज्याच्या घरी बायबलच नाही, त्याने चार वचनं पाठ केली तरी त्याला टिफिनचा डबासुद्धा नाही. आता शेवटच्या दिवशी सगळ्यांना सारखीच वस्तू देतो, आणि पाठांतराचं कौतुक गटातच होतं. काही पालकांना हे आवडलेलं नाही, "स्पर्धा नको तर मुलं मेहनत कशी करणार" वगैरे. करतात हो.

आमची मुलं इंग्लिश मीडियमची, मराठी वाचता येत नाही नीट. कार्यक्रम इंग्लिशमध्ये घेता येईल का?

हा प्रश्न दर वर्षी वाढतोच आहे. उत्तर नाही असं आहे, पण चिडून नाही. गोष्ट मराठीतच सांगतो, मधेमधे इंग्लिश शब्द येतातच आणि इंटरच्या गटात मुलं प्रश्न कुठल्याही भाषेत विचारतात. वाचायची सक्ती कुणालाच नाही. पण गाणी मराठीच. आपल्या मंडळ्यांकडे जो गाण्यांचा साठा आहे तो दुसऱ्या कुणाकडे नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आपल्या नगरमध्ये राहिले, आणि त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाने भजनं लिहिली, ती पेटी-तबल्यावर आजही रविवारी म्हटली जातात. ज्या मुलाला "क्रमांक एकशे बारा" म्हटल्यावर गाण्यांच्या पुस्तकात एकशे बारा कुठे ते सापडत नाही, ते मोठं झाल्यावर उपासनेत बसून मोबाईलच बघणार. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात कार्डशीटवर लिहून लावतो, बोट ठेवत म्हणायचं. आठवड्यात बरीच मुलं जोडाक्षरंसुद्धा ओळखायला लागतात, शाळेतल्या मराठीच्या टीचरनी आम्हाला थँक्यू म्हणायला पाहिजे खरं तर.

खाऊ काय असतो? डबा द्यायचा का?

डबा नको. पोहे, उपमा, शिरा, इडली, एक दिवस वडापाव (त्या दिवशी हजेरी सगळ्यात जास्त), आणि रोज लिंबू सरबत किंवा कोकम. महिला मंडळाच्या मावशी पहाटे सहाला येऊन करतात. शेंगदाण्याची, दुधाची, अंड्याची अॅलर्जी असेल तर फॉर्मवर लिहा आणि तोंडीही सांगा, आमच्याकडच्या पोह्यात दाणे असतातच. रोजचा खाऊ शाकाहारी, शनिवारी अंडा बिर्याणी असते आणि शेजारीच व्हेज पुलावचं वेगळं पातेलं.

मुलांच्या सुरक्षिततेचं काय? कोण असतं सोबत?

हे नीट वाचा. कुठल्याही खोलीत एक मोठं माणूस आणि मुलं असं एकटं बसत नाही, दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत. दारं उघडी. टॉयलेटला लहान मुलींना ताईच नेते आणि दोघींना सोबत नेते. गेटवर वॉचमनकाका आणि एक टीचर, साडेसातनंतर गेट बंद. मुलाला घ्यायला कोण येणार त्यांचं नाव फॉर्मवर लिहायचं, दुसरं कुणी आलं तर तुम्हाला फोन केल्याशिवाय सोडणार नाही, मग तो सख्खा काका असला आणि आमच्या ओळखीचा असला तरी. मागे एकदा एक काका यावरून फार भडकले होते, पण मुलाच्या आईने मात्र दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन आभार मानले.

शिकवणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याबद्दल सांगतो, २०१२ चा कायदा आहे, चर्चच्या आवारालाही लागू आहे. काही खटकलं तर "चर्चची बदनामी होईल" म्हणून घरात गप्प बसू नका, मला सांगा, पालकीणबाईंना सांगा, आणि आमच्यावर विश्वास नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. माझ्या मते ज्या चर्चमध्ये हा प्रश्न विचारला की लोक तोंड वाकडं करतात तिथे मूल पाठवूच नये.

फोटो काढता का?

ग्रुप फोटो काढतो. नको असेल तर फॉर्मवर टिक करा. समारोपाच्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांचे व्हिडिओ काढून स्टेटसला टाकू नका, एवढं पाळा.

मोबाईल आणू द्यायचा का?

नाही.

आमचा मुलगा एका जागी बसत नाही / थोडा वेगळा आहे. घ्याल का?

घेऊ. पण आधी येऊन भेटा, त्याला कशाने त्रास होतो, कशाने बरं वाटतं ते सांगा. मोठा आवाज सहन होत नसेल तर ढोलकीपासून लांब बसवतो, मधेच उठून फिरायचं असेल तर एक दादा फक्त त्याच्यासाठी असतो. साडेतीन तास जमत नसेल तर तासभर या. आमच्याकडे ट्रेनिंग घेतलेलं स्पेशल टीचर कुणी नाही, त्यामुळे जे जमणार नाही ते जमणार नाही असं तोंडावर सांगू, पण दारातून परत पाठवत नाही.

शिकवतं कोण?

आपलीच माणसं. शाळेतल्या दोन निवृत्त बाई, एक बँकेतला क्लार्क जो त्या आठवड्याची रजा जानेवारीतच टाकून ठेवतो, नर्सिंगच्या मुली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दहावी-बारावीची परीक्षा दिलेली पोरं. त्यांना काही काम नसतं आणि घरात सगळे रिझल्टचं विचारून हैराण करतात, म्हणून इथे आनंदाने येतात. कधीकधी रिझल्ट व्हीबीएसच्याच आठवड्यात लागतो, मग दुपारी एकला कुणाच्या तरी मोबाईलवर सगळे जमा, साइट उघडत नाही, क्राफ्टचं उरलेलं सामान तसंच पडलेलं. कमी पडले म्हणून रडणाऱ्या मुलीला ज्युनिअरच्या पोरांनीच उरलेल्या चमकीचं कार्ड करून दिलं होतं, त्यावर स्पेलिंग चुकलेलं होतं, तरी तिने ठेवलंय.

तुम्हाला यायचं असेल तर एप्रिलमध्येच सांगा, धडे आधी बसून तयार करावे लागतात. शिकवता येत नाही म्हणता तर भांडी आहेत, झाडू आहे, रिक्षातून खुर्च्या आणायच्या आहेत.

मग खर्च कुठून भागतो?

थोडा मंडळीच्या अर्पणातून, बाकी लोकांकडून. एखादं कुटुंब एका दिवसाचा खाऊ घेतं, बहुतेक वेळा कुणाच्या तरी आठवणीत, की आमच्या आईच्या स्मरणार्थ बुधवारचा शिरा आमच्याकडून. कापणीच्या सणाला जो लिलाव होतो त्यातलेही थोडे पैसे संडे स्कूलला बाजूला काढतात. ज्यांनी तो लिलाव पाहिला नाही त्यांनी एकदा बघाच. लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक उपासनेत आणतात, बाजरीची कणसं, भोपळे, उसाची मोळी, कुणी जिवंत कोंबडी, आणि उपासना झाली की आवारात बोली लागते. एका लिंबाला बाजारात कुणी विचारणार नाही इतके पैसे मिळतात आणि घेणारा ते लिंबू परत लिलावात टाकतो.

आम्ही मेमध्ये गावी असतो. तिकडे मुलांना पाठवता येईल का?

येईल, बऱ्याच गावांमधल्या मंडळ्यांमध्ये असतं, आणि खरं सांगायचं तर तिथलं व्हीबीएस मला जास्त आवडतं. आमची टीम शहरातलं झालं की एक-दोन गावांना जाते. गावाकडे तारीख कॅलेंडर बघून ठरत नाही, ऊसतोडीला गेलेली माणसं परत कधी येतात त्यावर ठरते. दिवाळीच्या आसपास गेलेली कुटुंबं कारखान्यांचा पट्टा पडला की, म्हणजे गाळप संपलं की, मार्च-एप्रिलला परततात, मुलं तेवढे महिने आईबापाबरोबर कोप्यांवर (ऊसतोडीच्या झोपड्यांत) राहिलेली असतात, काहींची शाळा बुडालेली असते. त्यांच्यासाठी हे सहा दिवस म्हणजे हातात खडू, रंग, गोष्टीचं पुस्तक आणि खूप दिवसांनी भेटलेले मित्र. तिथे चर्च म्हणजे कधी समाजमंदिरासारखी एक खोली, कधी नुसता मांडव. लाइट गेली तर गेली. प्रोजेक्टर नेण्यात अर्थ नसतो, फ्लॅनेल बोर्ड न्यायचा. आणि तिथे धर्माचा प्रश्न कुणी विचारत नाही, आख्ख्या आळीची पोरं येऊन बसतात, मग पालकांच्या सह्या घ्यायला संध्याकाळी आम्हालाच घरोघर फिरावं लागतं आणि प्रत्येक घरी चहा.

समारोपाला काय असतं? ड्रेस लागतो का?

रविवारच्या उपासनेत मुलं गाणी म्हणतात, एक नाटुकलं, वचनं, मग आवारात प्रीतिभोजन. ड्रेस लागत नाही. घरात असलेला कुठलाही स्वच्छ कपडा. लाल टी-शर्ट, पांढरी लेगिंग असलं काही टीचरने सांगितलं तर माझं नाव सांगा, कारण दोन तासांसाठी कुणाला तीनशे रुपये खर्च करायला लावायचे नाहीत असं ठरलंय. पाहुण्यांची भाषणं दोन मिनिटांची असतात. असावीत, असं म्हणते.

हे सगळं आलं कुठून? परदेशी फॅड आहे का?

सुरुवात तिकडची, हो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या होपडेल गावात १८९४ मध्ये मुलांची अशी उन्हाळी शाळा झाली होती. पण जास्त सांगितली जाते ती न्यूयॉर्कची गोष्ट. तिथे १८९८ मध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर हिंडणाऱ्या पोरांसाठी वर्ग घ्यायचे ठरवले आणि जागा कुठली, तर भाड्याने घेतलेला बिअरचा अड्डा. नंतर रॉबर्ट बोव्हिल यांनी १९०१ पासून ते बऱ्याच चर्चमध्ये नेलं. आपल्याकडे मिशनच्या शाळांची सवय त्याच्या आधीपासूनची आहे, अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ ला आणि नगरला १८३१ ला आलं, तेव्हापासून मुलांना जमवून शिकवणं चालूच आहे. फॅड म्हणायचं तर फार जुनं फॅड झालं. बाकी ढोलकी, पोहे, कडुलिंब आणि मावशींचं ओरडणं यात परदेशी काय आहे ते मला सांगा.

एका आठवड्यानंतर काय? बाकी वर्षभर चर्चमध्ये मुलांसाठी काही असतं का?

दर रविवारी उपासनेच्या आधी संडे स्कूल असतं, आज्ज्या त्याला शब्बाथ शाळा म्हणतात. व्हीबीएसला जेवढी मुलं येतात त्याच्या निम्मीही जूनच्या पहिल्या रविवारी दिसत नाहीत, हे सगळ्या चर्चमधलं रडगाणं आहे. मुलं यायला तयार असतात, मोठे उठत नाहीत.

आणि चर्च म्हणजे रविवारचा दीड तास एवढंच नाही ना. बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, त्यात मुलं कोपऱ्यात खेळत असतात पण सगळं ऐकत असतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन उपासना, लहान मुलांना ती लांब वाटते, साहजिक आहे, त्यांना मधे बाहेर न्या, कुणी काही म्हणणार नाही. ईस्टरला पहाटे अंधारात निघायचं असतं, ते मात्र पोरांना भारी आवडतं. डिसेंबरमध्ये कॅरल राउंड, टेम्पोतून घरोघर, थंडीत माकडटोप्या घालून, आणि प्रत्येक घरी करंजी, शंकरपाळे आणि चहा, शेवटच्या घरापर्यंत कुणाच्या पोटात जागा नसते तरी नाही म्हणता येत नाही.

कुणाच्या घरी मयत झालं तर पुढचे दिवस चूल पेटू देत नाहीत, महिला मंडळाची यादी ठरलेली असते, आज पिठलं-भाकरी कुणाकडून, उद्या वरण-भात कुणाकडून. ती डब्यांची पिशवी पोहोचवायला आम्ही व्हीबीएसमधल्या इंटरच्या मुलांना पाठवतो. चांगल्या शोमरोनीची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट फ्लॅनेल बोर्डवर कितीही वेळा सांगा, पिशवी हातात घेऊन त्या घराच्या दारात उभं राहिल्यावरच पोराला कळतं की तिथे काय बोलायचं असतं, म्हणजे काहीच बोलायचं नसतं, डबा द्यायचा, थोडं बसायचं.

आम्ही बदली होऊन आलोय, इथे कुणालाच ओळखत नाही.

रविवारी या आणि उपासना संपल्यावर लगेच निघू नका. दाराशी पालकसाहेब हात मिळवतात, तिथेच सांगा कुठून आलात. पुढच्या दहा मिनिटांत कुणीतरी तुमचं आडनाव विचारून तुमच्या मावससासूच्या गावापर्यंत नातं पोहोचवेलच, मराठी ख्रिस्ती समाज तसा छोटा आहे, दोन माणसांत ओळखीचं एक माणूस निघतंच. हे कधीकधी अती होतं, पगार, लग्न, मूलबाळ सगळं विचारतात. हसून सोडून द्या.

मूल पाठवतो पण आम्ही स्वतः चर्चला फारसे येत नाही. चालेल?

चालेल. कुणी हजेरी घेत नाही. फक्त घरी आल्यावर मूल गोष्ट सांगायला लागलं तर मोबाईल खाली ठेवून ऐका, आणि प्रार्थना करूया म्हणालं तर जेवायच्या आधी अर्धा मिनिट थांबा, "नंतर" म्हणू नका.

पंधरा पूर्ण झाल्यावर?

हेल्पर म्हणून या. पहिल्या वर्षी फक्त पाणी द्यायचं आणि हजेरी लिहायची, दुसऱ्या वर्षी एक गट सांभाळायचा. मोठी झालेली मुलं तरुण संघात जातात पण मेमध्ये परत येतात, पुण्याला कॉलेजला असलेली पोरं त्या आठवड्याला एसटीने येतात. आल्यावर आधी विचारतात, वडापावचा दिवस कुठला.

मुलाची बाटली/टोपी/चप्पल राहिली. कुठे मिळेल?

ऑफिसशेजारच्या खोलीत पोत्यात. दरवर्षी निळ्या रंगाच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांचा ढीग उरतो, म्हणून मार्करने नाव लिहून पाठवा, झाकणावर नाही, बाटलीवर, झाकणं बदलतात. एक-एकच चप्पल कशी काय राहते हे मला अजून कळलेलं नाही. जूनच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ठेवतो, नंतर वॉचमनकाका जे करतील ते.